सूज उतरेपर्यंत

बुधवार, १७ जानेवारी २००७

डोक्याला नुसता ताप. वरसाव्याला सुलूच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी आधीच म्हटलं होतं, टॅक्सी करू. पण आमचे मेहुणे रघूशेठ कधी कुणाचं ऐकतील तर शपथ. ओळखीची रिक्षा आणली, आईंना मागे बसवलं आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यात रिक्षा अशी आदळली की सासूबाई सीटवरून उडाल्या आणि परत सीटवरच बसल्या. पडल्या नाहीत, कुठे आपटल्या नाहीत, नुसत्या बसल्या. तेवढ्यावर पाठीत कळ. लग्नात जेवल्या नाहीत. मी तीनदा विचारलं, तीनदा उत्तर, "बरा हाय." घरी आल्यावर रिक्षातून उतरताच येईना. शेवटी चौघांनी खुर्चीत घालून उतरवलं.

आणल्या आमच्याकडेच. पेणकरपाड्यातल्या त्यांच्या घराला उंच पायऱ्या आणि संडास मागच्या दारी. आमच्या बिल्डिंगला निदान लिफ्ट आहे. चालू असतेच असं नाही, पण आहे.

शुक्रवार, १९ जानेवारी

दोन तास बसवून ठेवलं हाडांच्या डॉक्टरने आणि पाहिलं पाच मिनिटं. एक्स-रेत पाठीचे दोन मणके चपटे झालेले दिसतात, पत्र्याचा डबा वरून दाबावा तसे. हाडं ठिसूळ झाली आहेत, या वयात नुसत्या धक्क्यानेही मोडतात, म्हणाला. पण दोन्ही आत्ता मोडले की एखादा जुना आहे, हे एक्स-रेवरून सांगता येत नाही म्हणे. मग शिकलात काय? म्हटलं नाही तोंडावर. सुलू सोबत होती.

एमआरआय काढायला सांगितलंय. तोवर कमरेला पट्टा आणि आराम.

मंगळवार, २३ जानेवारी

बोरिवलीला जाऊन एमआरआय काढला. एवढा खडखडाट त्या मशीनचा की बाहेर माझं डोकं दुखायला लागलं. आई आत अर्धा तास हूं की चूं न करता पडून. तो तंत्रज्ञ सुलूला म्हणाला, "एवढी शांत पेशंट आम्ही बघितली नाही." त्याला काय माहीत. एकोणतीस वर्षं मी बघतोय. मी बँकेच्या भाईंदर शाखेत असताना सुलूशी लग्न ठरवलं, तेव्हा तिचे वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आईंना विचारलं तर त्या नाही म्हणाल्या नाहीत आणि हो म्हणाल्या नाहीत. "बरा हाय" म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या घरी आल्या की डोक्यावर पदर आणि तोंडात "काय नको." चहा? काय नको. पंखा लावू? काय नको. जावयाकडे मागायचं नसतं म्हणे. अशा माणसाची शुश्रूषा करायची म्हणजे बंद काउंटरवर उभं राहण्यासारखं आहे.

गुरुवार, २५ जानेवारी

रिपोर्ट आला. वरच्या मणक्याला काही नाही, तो जुनाच मोडलेला. खालच्या मणक्यातल्या मज्जेला सूज आहे. डॉक्टर फिल्म दिव्यावर लावून म्हणाला, "हे पांढरं दिसतंय ना, ही सूज. म्हणजे हा ताजा आहे. गुड." आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक. आता सूज आहे आणि वर गुड! माणूस शुद्धीवर आहे का? मी विचारणार होतो की सुजेवर औषध काय, तर तो म्हणाला, "कुछ नहीं, अपने आप उतरेगी, तीन महिना." दुखण्याच्या गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं, बीपीची पाण्याची गोळी आहे ती चालू ठेवा म्हणाला. सुजेवर काही नाही! एवढी फी घेऊन सूज आपली आपण उतरणार.

घरी आल्यावर सुलू मात्र वेगळ्याच गोष्टीवरून रडकुंडीला आली. तो जुना मणका कधी मोडला, हे तिला आठवलं म्हणे. आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी, चौऱ्याण्णव साली, आई आमच्या नव्या बाथरूममध्ये घसरल्या होत्या. "बसले नुसती" म्हणाल्या, पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या आणि नंतर चार महिने वाकून चालत होत्या. मी म्हटलं, अगं, मणका मोडल्यावर कुणी पंगतीत पुऱ्या वाढेल का? काहीतरीच तुझं. सुलू उठून आत गेली.

शनिवार, २७ जानेवारी

शेवटी देवासारखं माणूस शेजारीच निघालं. समोरच्या हंसाबेन आईंना बघायला आल्या. मी रिपोर्टचं सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "भाई, सोजो छे तो मीठुं बंद करी दो. बस. मेरे ससुरजी को पैर पे सूजन था, डॉक्टरने पहले दिन से नमक बंद किया. एक महीने में सब पानी निकल गया."

कसं साधं आणि सरळ! सूज म्हणजे पाणी, पाणी धरून ठेवतं मीठ. आणि आईंचं माहेर-सासर दोन्ही मिठागरवाले. तरुणपणी उन्हात मीठ ओढण्यात वर्षं गेली, जेवणात सुकट, बोंबील, खारं. अंगात मीठ साठणार नाही तर काय होणार? हे त्या डॉक्टरला सुचायला नको? पुन्हा दोन तास बसून त्याला विचारायचं माझ्यात त्राण नाही.

उद्यापासून आईंचं सगळं अळणी. शिवाय भरपूर पाणी, म्हणजे आतलं धुऊन निघेल. सुलू म्हणाली, "डॉक्टरना एकदा विचारा हो." म्हटलं, तू शाळेत जा, घरचं मी बघतो. निवृत्ती घेऊन बसलोय ते कशासाठी?

बुधवार, ३१ जानेवारी

सुलू सकाळी महापालिकेच्या शाळेत जाते ती दोनला येते. तोवर मीच. तिने आमटी-भाजी टाकली की मीठ घालायच्या आधी आईंचं वेगळ्या पातेल्यात काढून घेतो. भाकरीच्या पिठातही नाही. आई जेवतात. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, "चालतंय ना, आई?" म्हणाल्या, "बरा हाय." तासातासाला तांब्या घेऊन उभा राहतो. पितात बिचाऱ्या. पेशंट म्हणून खरोखर आदर्श, एवढं कबूल करायला हवं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

रघू आला. डबा भरून सुकटीची चटणी, आंबट वास साऱ्या घरात. "आईला खारा लागतं, दाजी, तोंडाला चव येल." मी डबा तसाच परत केला. त्याला नीट समजावून सांगितलं की मज्जा म्हणजे काय आणि सूज म्हणजे काय. तो मान हलवत होता, कळलं किती देव जाणे. जाताना आईंच्या पायाशी बसला, आई त्याला म्हणाल्या, "जावय लय करतान माझा." माझ्यासमोर म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज जेवण अर्धं टाकलं. मळमळतंय, असं सुलूला सांगितलं, मला नाही. बीपीची गोळी, दुखण्याची गोळी, सगळं वेळच्या वेळी देतोय. आता मळमळ कसली? सुलूचं लगेच, "अळणी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली असेल हो." हिचं आपलं तेच तेच. म्हटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. औषध काय गोड असतं?

गुरुवार, ८ फेब्रुवारी

पाणी एक दिवसाआड येतं आणि आज तेही नाही. खाली टँकरपाशी बायकांची भांडणं, माझी दोनदा लिफ्टशिवाय चढउतार, आणि वर आल्यावर बघतो तर आई मला विचारतात, "आनंदी आली का?" आनंदी म्हणजे त्यांची बहीण, ती जाऊन दहा वर्षं झाली असतील. मी म्हटलं, आई, आनंदीमावशी नाहीत आता. तर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां. बरा." झोपेत असतील. झोपतात फार हल्ली.

पण एक आहे. कण्हणं बंद झालंय. पूर्वी कूस बदलताना तोंड वाकडं व्हायचं, आता पडून असतात शांत. सूज उतरायला लागली असणार. हंसाबेनना सांगितलं, त्याही खूश.

रविवार, ११ फेब्रुवारी

कपाळ माझं. आज सुलूशी मोठं भांडण. ती म्हणते, आई सरळ उत्तरं देत नाही, चमचा धरता येत नाही, हात थरथरतो. मी म्हणतो, पंच्याहत्तरीच्या बाई आहेत, पाठ मोडलीय, तीन आठवडे अंथरुणावर, आता नाचतील का? ती म्हणाली, "तुम्हाला तुमचं शास्त्र सिद्ध करायचंय." काय बोलणं हे! पहाटे उठून वेगळं पातेलं कोण चढवतं? पट्टा कोण बांधतं? तांब्या कोण भरतं? इथे राबतोय मी आणि वर हे ऐकायचं.

तिने आईंच्या पुढ्यात माझ्या ताटातली भाजी ठेवली, मिठाची. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. म्हणजे बघा, पेशंटला कळतं, लेकीला कळत नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

लिहवत नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

सोमवारी सकाळी सुलू शाळेत गेल्यावर मी दूध आणायला खाली उतरलो. दहा मिनिटं. वर आलो तर आई बाथरूमच्या दाराशी पडलेल्या. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. हाक मारली, ओ नाही. मग अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले. हंसाबेनच्या मुलाने गाडी काढली. केबिन रोडला नेहमीसारखी गर्दी, हातगाड्या, रिक्षा, मी खिडकीतून बाहेर डोकं काढून ओरडत होतो, "हटो, हटो!" लोक हसत होते.

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. अंगातलं सोडियम एकशे अकरा. एकशे पस्तीस तरी हवं म्हणे. तिथली तरुण डॉक्टरीण मला बाहेर घेऊन आली. काय खातात, काय पितात, गोळ्या कुठल्या. मी सगळं सांगितलं, अगदी व्यवस्थित, अळणी कधीपासून, पाणी किती वेळा. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला. "काका, मीठ कुणी बंद केलं?"

म्हटलं, सूज होती ना. मज्जेला.

ती म्हणाली, "काका, ती सूज हाडाच्या आतली. मोडल्यामुळे आलेली. मिठाचा तिच्याशी काय संबंध? बीपीच्या गोळीने आधीच मीठ बाहेर जात होतं, तुम्ही वरून द्यायचं बंद केलंत आणि एवढं पाणी पाजलंत." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. आता सलाईनमधून मीठ चढवतायत, तेही हळूहळू, घाई केली तर मेंदूला इजा होते म्हणे. वाचतील का, विचारलं तर म्हणाली, "बघू."

चौकीदारासारखा वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलोय. सुलू आत आहे. माझ्याशी बोललेली नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सोडियम एकशे अठरा. डोळे उघडतात, माणूस ओळखत नाहीत. मिठाचं पाणी थेंबाथेंबाने उतरतंय आणि मी ते बघत बसलोय. हेच मीठ ताटात देता आलं नव्हतं का मला?

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज ओळखलं. सुलूला, रघूला. मला बघून त्याच हाताने, सलाईन लावलेल्या, पदर डोक्यावर ओढायला गेल्या. नर्स ओरडली, "मावशी, हात हलवू नका!"

रघू रागाने लाल. डॉक्टरिणीने त्याला सांगितलं होतं की घरात मीठ बंद होतं. तो वॉर्डमध्ये सगळ्यांदेखत, "कोनी बंद केला आईचा मीठ? नाव सांगा." माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात खाटेवरून आवाज, अगदी बारीक, "मीच. अळणी उपास धरला व्हता. पाठ बरी व्हावी म्हणून."

रघू त्यांच्यावरच घसरला. या वयात कसले उपास, देवाला काय पडलीय तुझ्या मिठाची, मेली असतीस, अक्कल हाय का न्हाय. पाच मिनिटं बोलत होता. आई ऐकत होत्या. मला कळत होतं की हे सगळं माझ्या वाटणीचं आहे. सुलू माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं. ईश्वर नाव ठेवलंय आईबापांनी माझं.

बुधवार, २१ फेब्रुवारी

पाठीत पुन्हा कळ, वरच्या बाजूला. पुन्हा एमआरआय. तोच हाडांचा डॉक्टर हॉस्पिटलमध्ये आला, फिल्म उजेडात धरली. या वेळी मी त्याला जाऊ दिलं नाही. दारात उभा राहिलो.

"हा जुना," त्याने बोट ठेवलं. "हा जानेवारीतला. बघा, सूज बरीच फिकी पडली. मस्त भरतोय." मग या दोघांच्याही वरच्या एका मणक्यावर बोट, तो लख्ख पांढरा. "आणि हा नवा. दहा-बारा दिवसांतला. कधी पडल्या?"

बारा तारखेला, मी म्हटलं.

"म्हणजे परत तीन महिने पट्टा," तो म्हणाला. मग मी विचारलं, पहिली सूज माझ्यामुळे, म्हणजे अळणीमुळे, थोडी तरी उतरली असेल का? तो हसला. चेष्टा करतोय वाटलं त्याला.

सोमवार, २६ फेब्रुवारी

आई घरी. रघू पेणकरपाड्याला न्यायला तयार होता. मी म्हटलं, न्या, तेच बरं. इथे कोणत्या तोंडाने ठेवून घेऊ? तर आईच म्हणाल्या, "लिफ हाय हितं." झालं. लिफ्ट आठ दिवस बंद आहे, खुर्चीतून चौथ्या मजल्यापर्यंत आणलं.

सुलू बोलते आता माझ्याशी, कामापुरतं. मी रघूला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "आईने सांगितला न, दाजी. तोच खरा धरायचा." आणि फोन ठेवला. काय करायचं या कुटुंबाचं? माणसाला धड शिव्याही घालत नाहीत.

शुक्रवार, २ मार्च

आज माझा तोल सुटला. सुलू शाळेत. आईंना भात-आमटी वाढली, मीठ घातलेली, दोनदा चाखून. विचारलं, बरोबर आहे ना? "बरा हाय."

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, आई, तो बरा हाय बंद करा आता. तुम्हाला घास गिळवत नव्हता, मळमळत होतं, तुम्ही मला एका शब्दाने का नाही सांगितलंत? मिठागरावर जन्म गेला तुमचा, अळणी भाकरी घशाखाली कशी उतरली?

भिंतीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही येवढा मनापासून करत व्हतान. जावयाच्या हाताला चव न्हाय, असा कसा बोलू?"

मी ओरडलो. सासूवर ओरडलो, लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. "अहो, मेला असतात तुम्ही! माझ्या हातून! मी काय करणार होतो मग? सुलूला काय सांगणार होतो?" आणि मला रडायलाच आलं. हंसाबेनचं दार उघडल्याचा आवाज आला, मी उठून आमचं दार लोटून घेतलं.

परत आलो तर आई माझ्याकडे सरळ बघत होत्या. पदर खांद्यावर घसरलेला, तो वर ओढला नव्हता.

"मंग सांगू?" म्हणाल्या.

म्हटलं, सांगा.

आणि त्या बाईने तोंड उघडलं. पट्टा तुम्ही फार घट्ट बांधता, जीव गुदमरतो. उशी उंच आहे, मान दुखते. पंखा रात्रभर कुरकुरतो. पेपर मोठ्याने वाचता, मला बाजारभाव ऐकून काय करायचंय? तांब्या घेऊन उभे राहता तेव्हा पोलीस उभा असल्यासारखं वाटतं. चहात पाणीच पाणी. आमटी तुमच्या लोकांची गोड, गूळ घालून सगळ्याचा सत्यानाश करता, एकोणतीस वर्षं खातेय. रघूची सुकट परत केलीत, ती मला हवी होती, दोन दिवस रडले मी तिच्यासाठी. आणि तुमच्या बाथरूमची लादी, ती पहिल्या दिवसापासून निसरडी आहे, बदला ती, कोण ना कोण मरेल तिथं.

मध्येच थांबून दम खात होत्या, मग पुन्हा. मला वाटलं होतं, एखादी गोष्ट सांगतील. यादी चांगली अर्धा तास चालली.

पट्टा सैल केला. उशी काढून चादरीची घडी दिली. पंख्याला तेल घातलं, तरी कुरकुरतो. दूध जास्त घालून पुन्हा चहा केला, तर दोन घोट घेऊन कप माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "आता साखर जास्त झायली."

तीन महिने हे असंच चालणार. लादीवाल्याला सोमवारी बोलावलंय. आता रघूला फोन करतो, सुकट आण म्हणून.